बॉक्स ऑफिसचे कोटी नक्की कुणाच्या खिशात जातात?

सायली_ठाणे:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात असलेला प्रश्न आहे, आधी इथे चर्चा झाली असेल तर लिंक द्या. आमच्या घरात सगळेच पिक्चरवेडे त्यामुळे जेवताना विषय हाच. जवानचंच बघा. भाऊ म्हणतो साडेअकराशे कोटी कमावले, मी वाचलं तिथे ६४० होतं, आणि मावसबहीण ५८० वर ठाम आहे. तिघांनी तीन ठिकाणी वाचलंय आणि तिन्ही ठिकाणं बऱ्यापैकी भरवशाची आहेत. मग खरं काय? दुसरं म्हणजे एखाद्या पिक्चरची बातमी येते की दोनशे कोटी पार, आणि खालच्याच बातमीत लिहिलेलं असतं की पिक्चर पडला. बजेट दीडशे असेल आणि दोनशे आले तर पन्नास कोटी फायदा नको का? आणि मुळात हे मोजतं कोण, सरकार की थिएटरवाले की निर्माता स्वतःच सांगतो? कुणी या धंद्यातलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, वरवरचं यूट्यूबवर ऐकून कंटाळा आलाय.

भुसावळकर:

सायलीताई, तुमच्या घरातले तिघंही बरोबर आहेत, तिघं तीन वेगळ्या गोष्टी मोजताहेत एवढंच. साडेअकराशे म्हणजे वर्ल्डवाइड ग्रॉस, म्हणजे जगभरात तिकीटखिडकीवर लोकांनी जेवढे पैसे टाकले ते सगळे, करासकट. ६४० म्हणजे फक्त भारतातलं नेट, कर काढून, हिंदी तमिळ तेलुगू सगळं धरून. आणि ५८० म्हणजे त्यातलं फक्त हिंदीचं नेट. पडताळून बघा, ६४० वर १८ टक्के जीएसटी चढवला की साडेसातशेच्या जरा वर जातं, त्यात परदेशातले चारशेच्या आसपास मिळवा की भावाचा आकडा आला. एकाच पिक्चरचे तिन्ही आकडे आहेत, पण कुठला कुठल्या पिक्चरशी ताडून बघायचा तेच लोकांना माहीत नसतं, आणि मग एका हिरोचे फॅन वर्ल्डवाइड ग्रॉस धरतात, दुसऱ्याच्या पिक्चरचं हिंदी नेट धरतात आणि रात्रभर भांडतात.

हिंदीवाले नेट का सांगतात याला कारण आहे. जीएसटी येण्याआधी प्रत्येक राज्याचा करमणूक कर वेगळा होता, आपल्या महाराष्ट्रात तो ४५ टक्क्यांपर्यंत जायचा, काही राज्यांत त्याहून जास्त तर काही ठिकाणी अगदी कमी. त्यामुळे दिल्लीचं ग्रॉस आणि मुंबईचं ग्रॉस शेजारी ठेवून काहीच कळायचं नाही, कर काढल्यावरच खरी तुलना व्हायची. दक्षिणेकडे ग्रॉस आणि शेअर सांगायची पद्धत आहे, शेअर म्हणजे काय ते खाली सांगतो. आता पॅन इंडिया पिक्चर आल्यापासून दोन्ही पद्धती एकाच बातमीत येतात आणि सगळा गोंधळ वाढलाय.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तो खरा महत्त्वाचा. नेटसुद्धा निर्मात्याचं नसतं. त्यातला थिएटरचा वाटा गेला की जे उरतं त्याला शेअर म्हणतात, डिस्ट्रिब्युटरचा म्हणजे निर्मात्याकडून पिक्चर घेऊन थिएटरला लावणाऱ्याचा शेअर, आणि आमच्याकडे लहानपणापासून घरात हाच शब्द ऐकलाय, काकांच्या डिस्ट्रिब्युशनच्या ऑफिसात कुणी कलेक्शन किती झालं असं विचारायचंच नाही, शेअर किती सुटला असं विचारायचे. मल्टिप्लेक्सशी निर्मात्यांचा मोठा वाद २००९ मध्ये झाला होता, एप्रिलपासून जूनपर्यंत जवळपास दोन महिने नवीन मोठे हिंदी पिक्चर मल्टिप्लेक्सला लागलेच नव्हते, आठवत असेल काही जणांना. त्यातून जी तडजोड निघाली ती अशी की पहिल्या आठवड्यात नेटचे ५० टक्के डिस्ट्रिब्युटरला, दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि चौथ्यापासून ३०. मोठ्या पिक्चरला यात थोडं वरखाली होतं, पण ढाचा हाच.

यावरून अजून एक गोष्ट लक्षात येईल. पहिल्या आठवड्याचा रुपया निर्मात्याला जास्त देतो आणि चौथ्या आठवड्याचा कमी. म्हणून चार-पाच हजार स्क्रीन एकदम घेऊन शुक्रवार ते रविवार जेवढं उपसता येईल तेवढं उपसायचं असा सगळा खेळ झालाय. पूर्वी पिक्चर हळूहळू चढायचे, तोंडी प्रसिद्धीवर पंचवीस आठवडे चालायचे, आता तेवढी सवड कुणी देत नाही, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं कारण चांगला पण छोटा पिक्चर दुसरा सोमवार बघत नाही.

हिशेबनीस:

भुसावळकरांनी पाया घातलाय, मी फक्त आकडे मांडते, पेशाने सीए आहे. तिकीट २३६ रुपयांचं धरा. त्यात २०० मूळ किंमत आणि ३६ जीएसटी. पहिल्या आठवड्यात २०० मधले १०० थिएटरला, १०० डिस्ट्रिब्युटरला. म्हणजे तुम्ही २३६ मोजले तेव्हा पिक्चरच्या बाजूला १०० गेले, आणि चौथ्या आठवड्यात त्याच तिकिटाचे ६०. बुकिंग अॅपची कन्व्हिनियन्स फी यात धरलेलीच नाही, ती कलेक्शनमध्ये येत नाही. पॉपकॉर्नचे पैसेही पूर्ण थिएटरचे.

आता सायलीच्या उदाहरणासारखंच पण जरा मोठं घेऊ, आकडे मी कल्पनेने घेतेय. बातमी येते ३०० कोटी वर्ल्डवाइड. त्यात भारतातलं ग्रॉस २४० आणि परदेशातलं ६०. २४० मधून कर गेला की नेट साधारण २०३. आठवड्यागणिक टक्का उतरत जातो पण सिंगल स्क्रीनकडून जरा जास्त मिळतं, सरासरी ४६ टक्के धरा, म्हणजे ९३-९४ कोटी. परदेशात तिथला कर, थिएटर आणि तिथल्या डिस्ट्रिब्युटरचा खर्च जाऊन ४० टक्क्यांच्या आसपास हातात येतात, म्हणजे २४. एकूण झाले १२० च्या आत. पिक्चर बनवायला दीडशे आणि जाहिरात-प्रिंटला वीस लागले असतील तर थिएटरमधून पन्नास कोटींची तूट राहिली, आणि पेपरात मात्र ३०० कोटी. तुमच्या दोनशे कोटींच्या पिक्चरचं यावरून काढा, वर्ल्डवाइड दोनशे म्हणजे हातात ऐंशीच्या आसपास.

जीएसटीचे दरही सारखे बदलले आहेत, त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांचं ग्रॉस-नेट ताडताना काळजी घ्या. जुलै २०१७ ला सुरुवात झाली तेव्हा शंभरच्या वरच्या तिकिटाला २८ टक्के होते, १ जानेवारी २०१९ पासून ते १८ झाले. शंभर आणि खाली आधी १८, मग १२, आणि सप्टेंबर २०२५ पासून ५.

आणि टॅक्स फ्रीबद्दल एक सांगायचंच आहे कारण छावाच्या वेळी आमच्या सोसायटीत चक्क सह्यांची मोहीम काढायची भाषा चालली होती, महाराजांवरचा पिक्चर मध्य प्रदेशात आणि गोव्यात टॅक्स फ्री होतो आणि महाराष्ट्रात का नाही म्हणून. भावना समजते. पण महाराष्ट्राने करमणूक कर २०१७ मध्येच बंद केलाय, मुख्यमंत्र्यांनी छावाच्या वेळी हेच सांगितलं होतं. आता टॅक्स फ्री म्हणजे राज्य स्वतःच्या वाट्याचा जीएसटी सोडतं किंवा परत करतं, म्हणजे १८ मधले ९. केंद्राचे ९ राहतातच. २३६ चं तिकीट २१८ ला येतं, एवढाच फरक. निर्मात्याला त्यातून थेट काही मिळत नाही, स्वस्त झालं म्हणून चार माणसं जास्त आली तर फायदा.

पडदा७०:

हे सगळं ठीक आहे पण मला विचाराल तर कोटी मोजणंच चुकीचं आहे, माणसं मोजा. शोले १९७५ ला मिनर्व्हाला लागला तो पाच वर्षं होता, तेव्हा तिकीट काही रुपयांचं. त्याचे कोटी आणि आजच्या चारशे रुपयांच्या रिक्लायनरचे कोटी एका यादीत लावायचे आणि वर ऑल टाइम म्हणायचं, हा त्या पिक्चरवर अन्याय आहे. शंभर कोटींचा गवगवा २००८ च्या गजनीपासून सुरू झाला, त्याआधी लोक सिल्व्हर ज्युबिली, गोल्डन ज्युबिली म्हणायचे, पंचवीस आठवडे, पन्नास आठवडे. त्यात निदान पिक्चर लोकांच्या मनात किती टिकला हे तरी कळायचं. फूटफॉल जाहीर करा ना, किती तिकिटं विकली ते, बाकी देशांत करतात. फ्रान्समध्ये तिकिटांचाच आकडा सांगतात.

हिशेबनीस:

@पडदा७० फूटफॉलचं पूर्ण मान्य. भाव कमी केले की माणसं येतात हे राष्ट्रीय सिनेमा दिनाला दिसलंच, २३ सप्टेंबर २०२२ ला ७५ रुपये तिकीट ठेवलं तर एका दिवसात ६५ लाख लोक आले असं मल्टिप्लेक्स असोसिएशनने सांगितलं होतं. पण आठवड्यांचा हिशोबही तितकासा सरळ नव्हता हो. एका थिएटरला रोज एक मॅटिनी ठेवून ज्युबिली करता यायची. आणि तेव्हा प्रिंट मोजक्या असायच्या, शहरात चार थिएटरला पिक्चर, मग तो टिकणारच, आज त्याच शहरात पहिल्याच दिवशी दीडशे शो असतात.

न्यूजर्सीकर:

परदेशातल्या आकड्यांबद्दल लिहितो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन इथे कॉमस्कोर नावाची कंपनी थिएटरकडून रोजचे आकडे घेते आणि ते सगळ्यांना दिसतात, त्यामुळे निर्मात्याला फार फुगवता येत नाही. पठाणने अमेरिका-कॅनडात १७ मिलियन डॉलर्सच्या वर केले हे कुणी नाकारू शकत नाही कारण आकडा तिसऱ्याने मोजलाय. भारतात अशी सर्वमान्य यंत्रणा नाही याचं मला फार आश्चर्य वाटतं, एवढी मोठी इंडस्ट्री, सगळी तिकिटं कॉम्प्युटरवर, आणि तरी शुक्रवारी रात्री तीन वेबसाइट तीन आकडे देतात आणि निर्मात्याचं पोस्टर चौथा.

पण परदेशी आकड्यातसुद्धा एक गोष्ट लपून राहते ती म्हणजे डॉलरचा भाव. १० मिलियन डॉलर म्हणजे २००९ च्या शेवटी साधारण ४६-४७ कोटी होते, २०२३ मध्ये तेच ८२ कोटी. इथे एकही माणूस जास्त न येता पिक्चरचे ३५ कोटी वाढले. त्यामुळे मी जुन्या-नव्याची तुलना डॉलरमध्येच करतो.

चीनचं तर अजून वेगळं. दंगलने तिथे २०१७ मध्ये बाराशे कोटींच्या वर ग्रॉस केलं, अफाट गोष्ट आहे, कुस्तीगीर मुलींची गोष्ट तिथल्या लोकांना एवढी भिडावी. पण चीनमध्ये बाहेरच्या पिक्चरला महसुलाच्या वाटणीत साधारण २५ टक्केच मिळतात. म्हणजे तिथला एक कोटी आणि मुंबईतला एक कोटी निर्मात्याला सारखा पडत नाही. वर्ल्डवाइडच्या एका बेरजेत सगळं एकत्र टाकलं की हे दिसेनासं होतं.

तालुका_टॉकीज:

आमची वडिलोपार्जित टॉकीज आहे, तालुक्याच्या गावी, एक पडदा, त्यामुळे मोजतं कोण या प्रश्नावर मी बोलतो. दर शोनंतर किती तिकिटं गेली, कुठल्या दराची, किती कर, हे सगळं एका कागदावर भरून डिस्ट्रिब्युटरला पाठवायचं, त्याला डीसीआर म्हणतात. आता ते कॉम्प्युटरवरून जातं, वडिलांच्या काळात हाताने भरायचे आणि मोठ्या पिक्चरला डिस्ट्रिब्युटरचा रिप्रेझेंटेटिव्ह गावात मुक्कामाला येऊन बुकिंग खिडकीशी बसायचा, कारण त्या काळी कलेक्शन कमी दाखवायची सवय होती. कर जास्त, मग प्रेक्षक कमी दाखवायचे, डिस्ट्रिब्युटरचा वाटाही वाचायचा. करमणूक कराचे इन्स्पेक्टर अचानक येऊन बसलेली डोकी मोजायचे. आज सगळं उलट झालंय, कमी दाखवायचं सोडून जास्त दाखवायची चढाओढ लागलीये. प्रॉडक्शनवाले किंवा जाहिरातीतल्या ब्रँडवाले घाऊक तिकिटं घेतात, अॅपवर हाऊसफुल दिसतं आणि आत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. एकावर एक फ्रीमध्ये सुद्धा फुकटच्या तिकिटाचे पैसे कुणीतरी भरतं आणि ते कलेक्शनमध्ये लागतात. पैसे खरेच भरलेले असतात म्हणून आकडा खोटा म्हणता येत नाही, पण तो प्रेक्षकाने भरलेला नसतो. मला हे अजिबात पटत नाही. उद्या खरंच चालणारा पिक्चर आला तरी लोक विश्वास ठेवणार नाहीत.

आणि वर जो ५०-५० चा हिशोब दिलाय तो मल्टिप्लेक्सचा. आमच्याकडे वेगळी तऱ्हा. काही पिक्चर टक्क्यावर येतात, काही फिक्स भाड्यावर म्हणजे आठवड्याचं थिएटरचं भाडं आम्ही घ्यायचं आणि वरचं सगळं डिस्ट्रिब्युटरचं, आणि मोठ्या पिक्चरला एमजी मागतात, मिनिमम गॅरंटी, म्हणजे एवढी रक्कम आधी टाका, पिक्चर चालो न चालो. मोठ्या बॅनरच्या एका पिक्चरला आम्ही एमजी भरली आणि तो तीन दिवसांत बसला, ते पैसे अजून अंगावर आहेत. त्या पिक्चरचं कलेक्शन मात्र शंभर कोटींच्या यादीत आहे. तेव्हा पिक्चर हिट की फ्लॉप याचं उत्तर कुणाला विचारता त्यावर आहे. निर्मात्याने नफ्यात विकून टाकलेला पिक्चर डिस्ट्रिब्युटरला बुडवू शकतो.

भुसावळकर:

@तालुका_टॉकीज अगदी. ट्रेडमध्ये हिट-फ्लॉप ठरायचं ते मूळात यावरूनच, टेरिटरीच्या किमतीवर, म्हणजे एका भागाचे हक्क डिस्ट्रिब्युटरने किती भावाने घेतले त्यावर. अख्खा देश अशा टेरिटऱ्यांत, म्हणजे सर्किटांत, वाटलेला होता आणि कागदावर अजून आहे, आणि गंमत नाही खरंच सांगतो, ते नकाशे संस्थानांच्या आणि इंग्रजांच्या काळातले आहेत. महाराष्ट्र एका सर्किटात नाहीच. मुंबई सर्किटात मुंबई, पश्चिम महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि कर्नाटकाचा काही भाग. विदर्भ जातो सीपी बेरारमध्ये (जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड), म्हणजे नागपूर-अमरावतीचं कलेक्शन जबलपूर-रायपूरच्या बाजूचं. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता म्हणून निझाम सर्किटात. त्यामुळे कुणी म्हणालं की पिक्चर मुंबई सर्किटला पन्नास कोटी नेट करून गेला, तर त्यात सुरत-अहमदाबाद आहे आणि नांदेड नाही. छावाच्या वेळी लोक मुंबई सर्किटचा आकडा महाराष्ट्राचा म्हणून फिरवत होते, तो तसा नव्हता.

आणि आमच्या भुसावळचा अभिमान म्हणून सांगतो, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटर आणि थिएटरवाल्यांच्या संघटनेचं, मुख्य ऑफिस इथे आहे. जंक्शन असल्यामुळे रिळांच्या पेट्या इथून चहूकडे रेल्वेने जायच्या. एकच पिक्चर मुंबईत हिट आणि बेरारात तोट्यात असं सर्रास व्हायचं, कारण तिथल्या माणसाने जास्त भावाने घेतलेला असायचा. भाव भरून निघाला, जाहिरातीचा खर्च निघाला, आणि वर जे येतं त्याला ओव्हरफ्लो म्हणतात, त्यातला वाटा मग निर्मात्याकडे परत जातो. काका ओव्हरफ्लो आला की पेढे वाटायचे. आता मोठे स्टुडिओ स्वतःच सगळीकडे रिलीज करतात, स्थानिक डिस्ट्रिब्युटर नुसता कमिशनवर, त्यामुळे नुकसान त्याचं नाही पण नफाही नाही.

सायली_ठाणे:

बापरे, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. घरच्या ग्रुपवर हिशेबनीस ताईंचं २३६ चं गणित टाकलं, भाऊ गप्प आहे सध्या. पण मग हिशेबनीस म्हणतात तशी पन्नास कोटींची तूट आली तरी तोच निर्माता पुढच्या वर्षी परत तेवढ्याच बजेटचा पिक्चर काढतो, ते पैसे कुठून येतात? आणि आमच्यासारख्या बाहेरच्या माणसाने पिक्चर खरा चालला की नाही हे घरबसल्या कसं ओळखायचं?

हिशेबनीस:

ओटीटी, सॅटेलाइट म्हणजे टीव्ही, आणि म्युझिक यांचे हक्क विकून. हे तिन्ही बॉक्स ऑफिसच्या आकड्यात नसतात, आणि बऱ्याचदा रिलीजच्या आधीच विकलेले असतात. मोठ्या हिरोच्या पिक्चरचा निम्म्याच्या आसपास खर्च तिथून निघालेला असू शकतो, मग थिएटरमधली तूट भरून निघते. पण आता ओटीटीवाले आधीसारखे डोळे झाकून पैसे देत नाहीत, थिएटरला किती चाललं त्यावर रक्कम ठरवणारे करार होतात असं ऐकायला मिळतं. म्हणजे फुगवलेल्या आकड्याला इथे थेट पैशाचं कारण आहे. आणि मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या हिंदी पिक्चरला आठ आठवडे ओटीटीवर येऊ नका म्हणून अडून बसतात ते याच ओढाताणीतून.

तालुका_टॉकीज:

ओळखायचं कसं तर सोमवार बघा. पहिल्या शुक्रवारचा आकडा आणि पहिल्या सोमवारचा आकडा शेजारी ठेवा. सोमवार शुक्रवारच्या निम्म्यापेक्षा बराच वर राहिला तर पिक्चर लोकांना आवडलाय, निम्म्यावर आला तर धुगधुगी आहे, तिसऱ्या हिश्श्यावर आला तर आम्ही मंगळवारीच पुढचा पिक्चर विचारायला फोन करतो. शुक्रवारी सुट्टी असेल, पंधरा ऑगस्ट किंवा ईद वगैरे, तर मात्र हा हिशोब चालत नाही कारण शुक्रवार आधीच फुगलेला असतो, तेव्हा गुरुवारपर्यंत थांबून दुसऱ्या शुक्रवारी शो किती राहिले ते बघायचं. आकडा कुठल्या वेबसाइटचा घेताय याने फरक पडत नाही, दोन्ही दिवसांचा एकाच ठिकाणचा घ्या म्हणजे झालं. आणि अॅपवर तुमच्या जवळच्या थिएटरचा बुधवारचा रात्रीचा शो उघडून बघा, त्या वेळी घाऊक तिकिटं घ्यायला कुणी बसलेलं नसतं.